उन्हाळ्याची नांगरट

मे महिन्यात जालन्याहून भोकरदनकडे निघाले की रस्त्याच्या दुतर्फा नांगरलेली रिकामी शेते दिसू लागतात. मातीची मोठाली ढेकळे दिवसभर उन्हात तापत पडलेली असतात. परक्या पाहुण्याला ते रान ओसाड वाटते. शेतकऱ्याला मात्र ठाऊक असते की पुढच्या पिकाचा निम्मा निकाल याच दिवसांत लागतो आहे. कडक उन्हाने जमिनीतील किडींचे कोष नष्ट होतात, तणांची मुळे सुकतात आणि मृगाचे पहिले पाणी जमिनीत खोलवर मुरते. या भागातील जिनिंगवाल्यांचा अनुभवही याहून निराळा नाही. कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. म्हणून यंत्रांची दुरुस्ती, झिजलेल्या रोलरांची अदलाबदल आणि पट्ट्यांची तपासणी ही सारी कामे त्याआधीच्या बंद महिन्यांत उरकावी लागतात. गाड्या दारात उभ्या असताना यंत्र खोलून बसणारा व्यापारी त्या वर्षीचा नफा हमखास गमावतो.

याच रस्त्याच्या परिसरातील केदारखेड्यासारख्या गावांत उन्हाळ्याच्या सुट्टीत आणखी एक दृश्य दिसते. पीक निघून गेलेल्या एखाद्या रानात तीन काठ्या रोवून मुले टेनिस चेंडूने क्रिकेट खेळत असतात. बाजारपेठेत दुकान असलेल्या घरांतली मुलेही त्यांत असतात. ‘सुट्टी आहे, खेळू द्या,’ असे म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. ज्यांना परवडते ते मुलाला जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या उन्हाळी शिबिरात पाठवतात. पांढरा गणवेश येतो, नवी बॅट येते, महिन्याअखेरीस छायाचित्र आणि प्रमाणपत्रही मिळते. परंतु या दीड-दोन महिन्यांत मुलाच्या खेळात नेमकी कोणती भर पडली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

तो विचारायला हवा. आपल्याकडील क्रिकेटचा मुख्य हंगामही कापसासारखाच साधारण ऑक्टोबर ते मार्च असा असतो. १६ वर्षांखालील मुलांची विजय मर्चंट करंडक स्पर्धा आणि १९ वर्षांखालील मुलांची कूचबिहार करंडक स्पर्धा या काळात खेळल्या जातात. त्या वेळी खेळाडूला चुका दुरुस्त करण्याची सवड नसते. आहे त्या तयारीनिशी मैदानात उतरावे लागते. एप्रिल ते सप्टेंबर हे सहा महिने तेवढे मोकळे असतात. महाराष्ट्रातील क्रिकेटचा इतिहास सांगतो की या सहा महिन्यांत सामन्यापेक्षाही अवघड सराव ज्यांनी केला, त्यांनाच हंगामात सामना सोपा गेला.

रुपयाचे नाणे

या संदर्भातले सर्वांत ठळक उदाहरण मुंबईच्या शिवाजी पार्कवरील आहे. रमाकांत आचरेकर यांच्या वाट्याला खेळाडू म्हणून एकच प्रथम श्रेणी सामना आला, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी देशाला खेळाडूंची मालिका दिली. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री देऊन त्यांचा गौरव झाला. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.

१९८४ च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला थोरले बंधू अजित त्यांच्याकडे घेऊन आले. सचिनने आपल्या आत्मचरित्रात त्या सुट्टीचा हिशेब मांडला आहे : साठ दिवसांच्या सुट्टीत पंचावन्न सराव सामने. सकाळी नेटमध्ये फलंदाजी, त्यानंतर सामना आणि सायंकाळी पुन्हा नेट, असा दिनक्रम असे. मुलगा पुरता थकला की शेवटचा भाग सुरू होई. आचरेकर सर मधल्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. मैदानावरील सारी मुले क्षेत्ररक्षणाला उभी राहत आणि झेल कोठेही घेतला गेला तरी फलंदाज बाद धरला जाई. जो बाद करील त्याला नाणे मिळे. कोणीही बाद करू शकले नाही तर ते सचिनचे होई. अशी तेरा नाणी त्याने मिळवली आणि आयुष्यभर जपली. त्यानंतरही सुटका नसे. पायांना पॅड आणि हातांत ग्लोव्हज तसेच ठेवून शिवाजी पार्कला दोन फेऱ्या धावाव्या लागत.

या पद्धतीतील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. सामन्यात अकरा क्षेत्ररक्षक असतात. येथे त्याहून कितीतरी अधिक होते. सामन्यात दमलेल्या फलंदाजाकडून चूक होते. येथे मुद्दाम दमवून मगच परीक्षा घेतली जाई. चेंडू जमिनीलगत मारल्याशिवाय तरणोपाय नव्हता, म्हणून तो जमिनीलगत मारण्याची सवय जडली. शिकवणीचे लांबलचक व्याख्यान झाले नाही. अडचणच अशी रचली गेली की तिच्यातून बाहेर पडताना मुलगा योग्य तेच शिकला. आणि जोखीम किती? फक्त एक रुपया. सुट्टीत केलेली चूक स्वस्तात पडते. हंगामात केलेली तीच चूक संघातील जागा घालवते.

पावसाची शाळा

उन्हाळा संपला की पावसाळा येतो आणि बहुतेक ठिकाणी बॅट माळ्यावर जाते. मुंबईने मात्र पावसाळ्यालाच शिक्षक केले. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग ही परंपरेने भर पावसाळ्यात खेळली जाणारी स्पर्धा आहे. खेळपट्टीवर आच्छादन नसे, मैदानातील गवत वाढलेले असे. ओलसर खेळपट्टीवर टप्पा पडलेला चेंडू कधी थबकून येई, कधी एकाएकी छातीपर्यंत उसळे. जमिनीवरून मारलेला चांगला फटका गवतात अडकून पडे आणि चार धावांऐवजी एकावर समाधान मानावे लागे. तेथे पंचवीस-तीस धावा काढणाऱ्या फलंदाजाकडे लोक आदराने पाहत. शाळकरी वयातला सचिनही जॉन ब्राइट क्रिकेट क्लबकडून या लीगमध्ये खेळला.

ओल्या खेळपट्टीवर फलंदाजाला चेंडूची वाट पाहावी लागते. बॅट लवकर पुढे गेली की झेल उडतो. म्हणून चेंडू नजरेखाली येईपर्यंत थांबणे आणि हात सैल ठेवणे या दोन गोष्टी पाऊसच शिकवतो. ऑक्टोबरमध्ये कोरड्या, खऱ्या उसळीच्या खेळपट्टीवर उभे राहिल्यावर त्या फलंदाजाला चेंडू खेळायला जणू अधिक वेळ मिळतो. मुंबईच्या फलंदाजांना ‘खडूस’ म्हणतात. त्या चिवटपणाची काही मुळे या चिखलात आहेत.

सरावाला अडचणीची जोड देण्याची ही रीत जगात अन्यत्रही दिसते. ऑस्ट्रेलियातील बावरल या छोट्या गावात लहानपणी डॉन ब्रॅडमन बॅटऐवजी यष्टी हातात घेऊन, पाण्याच्या टाकीच्या विटांच्या गोल ओट्यावर गोल्फचा चेंडू आपटून परत येणारा चेंडू टोलवीत असे. चेंडू कोठून आणि किती वेगाने येईल याचा नेम नसे. सवंगडी नव्हते, प्रशिक्षक नव्हता, मैदानही नव्हते. केदारखेड्यातल्या मुलालाही भिंत, चेंडू आणि काठी या तीन वस्तू विकत आणाव्या लागणार नाहीत.

मोठेपणीही ही सवय सुटू नये, याचे उदाहरण १९९८ मधले आहे. शेन वॉर्न भारतात येणार होता. उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायामागे, गोलंदाजांच्या बुटांनी खडबडीत झालेल्या जागी टप्पा टाकून चेंडू वळवणे हे त्याचे अस्त्र होते. सचिनने चेन्नईत खेळपट्टीचा तोच भाग मुद्दाम उकरून घेतला आणि माजी कसोटीपटू लक्ष्मण शिवरामकृष्णन यांना तेथेच चेंडू टाकायला लावले. मार्च महिन्यातील चेन्नई कसोटीच्या पहिल्या डावात वॉर्ननेच त्याला अवघ्या चार धावांवर बाद केले. दुसऱ्या डावात मात्र सचिनने नाबाद १५५ धावा काढल्या आणि भारताने सामना जिंकला. अवघड सराव अपयश टाळण्याची हमी देत नाही. अपयशानंतर पुन्हा उभे राहताना तो कामी येतो.

कठीण म्हणजे अघोरी नव्हे

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. ‘कठीण’ या शब्दाचा आधार घेऊन काही ठिकाणी मुलांवर केवळ अत्याचार होतो. जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दुपारी बारा वाजता मुलांना मैदानात पळवणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण होय. सरावाची वेळ पहाटे साडेपाच ते आठ हीच योग्य. सायंकाळचे सत्र ठेवायचेच झाले तर ते कोवळ्या उन्हात आणि थोडक्यात असावे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांतील मुलांना तर पहाटेचे सत्रच अधिक सोयीचे पडते. दूध, डाळी, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्ये आणि भरपूर पाणी एवढी व्यवस्था घरच्यांनी सांभाळली तर शाकाहारी मुलाच्या ताकदीविषयी चिंता करण्याचे कारण उरत नाही.

वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. वाढत्या वयात पाठीच्या कण्यातील हाडे पुरती पक्व झालेली नसतात. रोज तासन्‌तास गोलंदाजी केल्यास कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचा धोका असतो आणि असा तडा गेला की कित्येक महिने वाया जातात. म्हणूनच इंग्लंडसारख्या देशांत मुलाच्या वयानुसार एका दिवसात टाकायच्या षटकांवर मर्यादा घातलेली आहे. आपल्याकडील पालकांनीही मुलाने आज किती चेंडू टाकले हे मोजावे, आठवड्यातून निदान दोन दिवस खांद्याला व कमरेला पूर्ण विश्रांती द्यावी आणि पाठदुखीची तक्रार आल्यास ती आळस समजून उडवून लावू नये.

तिसरा मुद्दा वयाच्या दाखल्याचा. मुलाचे वय दोन वर्षांनी कमी दाखवून लहान गटात खेळवण्याचा मोह काही पालकांना होतो. १६ वर्षांखालील गटासाठी आता मनगटाच्या हाडांची क्ष-किरण तपासणी केली जाते, त्यामुळे ही लबाडी फार काळ टिकत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविड यांनी अशा वयचोरीची तुलना सामनानिश्चितीशी केली होती. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही खोटी जमा आहे. ताळेबंद जुळवताना ती एक दिवस उघडी पडतेच. शिवाय लहान मुलांशी खेळून मिळालेल्या धावांत अवघड सरावाचा गुण कोठून येणार?

मुलाची वही

मग केदारखेड्यासारख्या गावातील पालकांनी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे एक वही घालावी. दुकानात रोजकीर्द लिहिली जाते आणि तिच्यावरून खतावणी होते, तसाच मुलाच्या खेळाचा रोजचा हिशेब ठेवावा. किती धावा काढल्या यापेक्षा कसा बाद झालो हे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे. दहा दिवसांनी वही चाळली की त्याच त्या चुका डोळ्यांसमोर येतात. कोणी वारंवार यष्टीबाहेरच्या चेंडूला बॅट लावून बाद होतो, कोणी फिरकीला पुढे येऊन चुकतो. सुट्टीत सगळेच शिकायचे नसते. वहीने दाखवलेल्या दोन चुका दुरुस्त झाल्या तरी ती सुट्टी फळली असे समजावे.

दुसरी गोष्ट म्हणजे अडचण पायरीपायरीने वाढवावी. एप्रिलमध्ये पकड, उभे राहण्याची पद्धत आणि पायांची हालचाल एवढ्यावरच भर द्यावा. या महिन्यात सामने कमी असलेले बरे, कारण सामन्यात मुलगा जिंकण्याच्या नादात जुन्या सवयींकडे वळतो. मे महिन्यात कसोटी सुरू करावी. खेळपट्टी बावीस यार्डांची असते. चेंडू फेकणाऱ्याने सोळा-सतरा यार्डांवरून फेकला तर फलंदाजाला विचार करायला कमी वेळ मिळतो. सिमेंटच्या पट्टीवर ओला टेनिस चेंडू टाकला तर तो सपकन निसटत येतो. या सरावासाठी हलका चेंडूच वापरावा आणि नवख्या मुलाला शिरस्त्राणाशिवाय उभे करू नये. दहा चेंडूंपैकी सहा-सात नीट खेळता येऊ लागले की अंतर आणखी थोडे कमी करावे. दहाच्या दहा जमू लागले तर सराव सोपा झाला असे समजावे. दोन-तीनच जमत असतील तर तो फार अवघड आहे, एक पायरी मागे यावे. कष्टाचे हे माप ज्याला कळते तोच खरा प्रशिक्षक.

पावसाळ्यात मैदान गेले तरी शरीर आणि हात मोकळे असतात. दोरीवरच्या उड्या, पायऱ्या चढणे, भिंतीवर आपटून येणारा ओला चेंडू दोन्ही हातांनी झेलणे हे ओट्यावर किंवा शाळेच्या व्हरांड्यातही होऊ शकते. चातुर्मासात शाळाही सुरू असते, म्हणून रोज पाऊण तास पुरे. मात्र त्या पाऊण तासाला खाडा नसावा. गणपती-नवरात्राच्या सुमारास पाऊस ओसरला की खऱ्या चामडी चेंडूवरचा सराव आणि शेवटी सामने. त्या टप्प्यावर यष्टीवर नाणे ठेवायला हरकत नाही.

गाव लहान असणे ही या मार्गातील अडचण आता उरलेली नाही. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार करंडकात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या. पुढे २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. शेजारच्या बीडचा सचिन धस ६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेनोनीच्या मैदानावर याच स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात उतरला तेव्हा दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ३२ अशी होती. त्याने ९५ चेंडूंत ९६ धावा केल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी रचली आणि भारताने दोन गडी राखून विजय मिळवला. सांगलीजवळच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना लहानपणी भावाच्या मागोमाग सरावाला जाऊ लागली. २०१३ मध्ये तिने महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा फटकावल्या. उन्हाळी सरावाला मुलग्याला पाठवताना घरातील मुलीला ‘तू काय करणार तिथे?’ असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

पाळी न आलेला फलंदाज

तरीही एक सत्य पालकांनी आरंभीच पत्करायला हवे. हजारो मुले घाम गाळतात आणि भारताची टोपी अगदी थोड्यांच्या डोक्यावर चढते. मग उरलेल्यांचे कष्ट बुडीत खात्यात जमा होतात काय?

१९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिराकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. त्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता. तोही आचरेकर सरांचाच शिष्य. सबंध डाव संपला तरी त्याची पाळी आली नाही. पुढे १९९३-९४ च्या हंगामात रणजी पदार्पणातच त्याने हरयाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा केल्या, २००६-०७ मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. भारताच्या संघात मात्र त्याला एकदाही स्थान मिळाले नाही. उभ्या कारकिर्दीत तो जणू पॅड बांधून बसून राहिला.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुझुमदार भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून भारतीय महिलांनी प्रथमच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या संघाची उपकर्णधार होती सांगलीची स्मृती मानधना. ज्या माणसाला भारताकडून एकही सामना खेळता आला नाही, त्याच्या हातून विश्वविजेता संघ घडला. शिवाजी पार्कच्या उन्हाळ्यांत साठलेली पुंजी पस्तीस-चाळीस वर्षांनी दुसऱ्यांच्या कामी आली.

केदारखेड्याच्या रानात आज खेळणारा मुलगा उद्या कदाचित रणजी खेळेल, कदाचित तालुक्याच्या संघापर्यंतच पोहोचेल, कदाचित वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसेल. परंतु कोणी पाहत नसताना पहाटे उठणे, आपली चूक स्वतःच्या अक्षरात लिहून काढणे आणि सोपे झालेले काम पुन्हा अवघड करून घेणे या तीन सवयी त्याच्यापाशी राहतील. मंदीच्या दिवसांत दुकान सावरण्यासाठीही याहून वेगळे भांडवल लागत नाही. येत्या सुट्टीत मुलासाठी नवी बॅट घेण्याआधी पालकांनी शंभर पानी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर तारीख घालून ती त्याच्या हाती द्यावी.